एकाचे दोन दिसतात, ऑपरेशन कधी? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये तिरळेपणा आणि दोन-दोन दिसणे हाच विषय जास्त आहे. पत्रे थोडी आखडती घेतली आहेत. नावे गाळून तालुका तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझे बाबा ५८ वर्षांचे आहेत. बरीच वर्षे शुगर आहे. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी उठले ते एकाचे दोन दिसतात म्हणतच. उजवा डोळा नाकाकडे वळला आहे, बाहेरच्या बाजूला फिरतच नाही. गावात कोणी लकवा म्हणतात, कोणी म्हणतात लगेच ऑपरेशन करून टाका. धुऱ्यावरून चालताना त्यांचा पाय चुकतो. काय करावे? (आर्णी तालुका, यवतमाळ)

उत्तर : पहिली तपासणी घरीच होते. बाबांना समोरच्या दिव्याकडे पाहायला सांगा आणि आळीपाळीने एकेक डोळा झाका. कोणताही डोळा झाकल्यावर दुसरा दिवा नाहीसा होत असेल तर दोन डोळे एका रेषेत नाहीत, म्हणजे गडबड स्नायूंची किंवा त्यांना चालवणाऱ्या नसांची आहे. एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील तर मोतीबिंदू, बुबुळावरचे फूल किंवा चष्म्याचा नंबर तपासावा लागतो. तिथे स्नायूंच्या ऑपरेशनचा संबंधच येत नाही.

तुमच्या वर्णनावरून ही सहाव्या नसेची कमजोरी वाटते. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात आणि मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी अशा तीन नसा त्यांना हलवतात. सहावी नस फक्त एकाच स्नायूला जाते, डोळा कानाकडे ओढणाऱ्या. ती थकली की आतला स्नायू एकटाच ओढत राहतो. दोन चित्रे शेजारी-शेजारी दिसतात, लांबचे पाहताना जास्त, उजवीकडे पाहताना आणखी जास्त, जवळचे पाहताना कमी. शुगर-बीपीच्या माणसात बहुधा नसेला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी बंद पडलेली असते. अशा बहुतेक रुग्णांचा डोळा तीन महिन्यांच्या आसपास आपोआप पुन्हा हलायला लागतो. लगेच ऑपरेशन नको, ते यासाठीच. आज कोन, म्हणजे डोळा किती वळला आहे ते, मोजून स्नायू सरकवला आणि दोन महिन्यांनी नस जागी झाली, तर डोळा उलट बाजूला जाईल.

मधल्या काळात शुगर आणि बीपी ताब्यात आणा. दोन दिसण्याचा त्रास थांबवायला चष्म्याच्या एका काचेवर आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा. नंबर नसेल तर साधा शून्य नंबरचा चष्मा घ्या. मोठ्या माणसाचा डोळा झाकून ठेवल्याने नजर जात नाही, ती भीती लहान मुलांपुरती आहे. मात्र एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. दुचाकी, बंडी, विहिरीचा काठ आणि कुऱ्हाडीचे काम या काळात बंद ठेवावे. दर चार ते सहा आठवड्यांनी कोन मोजून तो कागदावर लिहून घ्या. हे आकडे पुढे फार कामी येतात.

कोन ‘प्रिझम’ या एककात मोजतात. तो लहान, म्हणजे साधारण १० प्रिझमपर्यंत उरला तर चष्म्यातच प्रिझम, म्हणजे चित्र बाजूला सरकवणारी तिरकस काच, बसवता येते. त्याहून मोठ्या कोनासाठी काचेवर चिकटवायचा पातळ प्लास्टिकचा प्रिझम मिळतो. त्यातून थोडे धूसर दिसते, आणि वावरातली धूळ त्याच्या रेघांत बसते, म्हणून तो धुऊन वापरावा, कोरड्या रुमालाने घासू नये. काही डॉक्टर आतल्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन देतात. त्याने तो स्नायू सुमारे तीन महिने सैल राहतो आणि आखडत नाही.

सहा महिने झाले, शेवटची दोन मोजमापे सारखी आली आणि तरीही दोन दिसतात, तेव्हा ऑपरेशनचा विचार करायचा. डोळा थोडा तरी बाहेर फिरत असेल तर आतला स्नायू सैल करून बाहेरचा घट्ट करतात. मध्यरेषा ओलांडतच नसेल तर मेलेला स्नायू घट्ट करून उपयोग नाही. मग वरच्या आणि खालच्या स्नायूंचा भाग बाहेरच्या बाजूला आणून शिवतात. ऑपरेशननंतर समोर आणि वाचताना एकच दिसणे, हे मिळाले तर ऑपरेशन यशस्वी. अगदी उजवीकडे पाहताना दोन दिसणे राहू शकते आणि ते आधीच सांगितलेले बरे.

वाट पाहण्याचा हा सल्ला काहींना लागू नाही. पापणी खाली पडली आहे, डोळा बाहेर-खाली गेला आहे, बाहुली मोठी झाली आहे आणि डोके ठणकते आहे, असे असेल तर तिसऱ्या नसेवर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा दाबत असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाऊन रक्तवाहिन्यांचा स्कॅन करून घ्या. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा दोन्ही डोळे आत वळून डोकेदुखी-उलट्या होणे, यातही थांबू नये. रुग्ण पन्नाशीच्या आतला असून शुगर-बीपी नसेल, किंवा तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर एमआरआय लागतोच.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून जवळचे पाहताना एक डोळा नाकाकडे जातो. सासूबाई म्हणतात मोठी झाली की आपोआप जाईल. इतक्या लहान लेकराला चष्मा लावतात का? (तिवसा तालुका, अमरावती)

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे तीन-चार महिन्यांच्या बाळापुरते खरे आहे. त्या वयात डोळे अधूनमधून फिरतात आणि नंतर स्थिर होतात. त्यानंतरचा तिरळेपणा आपोआप जाईल म्हणून बसू नये.

दोन-तीन वर्षांनी सुरू झालेल्या आत वळणाऱ्या डोळ्यामागे पुष्कळदा मोठा प्लस नंबर असतो. स्पष्ट दिसावे म्हणून मूल नजर ताणते आणि त्या ताणाबरोबर डोळे आत येतात. हा नंबर साध्या तपासणीत लपून राहतो. म्हणून तपासणीआधी तीन दिवस डोळ्यांत नजरेचा ताण सैल करणारे अॅट्रोपिनचे मलम घालायला देतात. डॉक्टर सांगतील तितक्याच वेळा आणि अगदी थोडेसे घाला, तपासणीच्या सकाळी घालू नका, कारण मलमाचा थर राहिला तर आतले दिसत नाही. चेहरा लाल झाला, अंग तापले, मूल चिडचिडले तर मलम बंद करून डॉक्टरांना कळवा. ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. बाहुली पुढे आठ-पंधरा दिवस मोठी राहते, उन्हात टोपी घाला.

नंबर निघाला तर चष्मा झोपेव्यतिरिक्त दिवसभर हवा. सहा-आठ आठवड्यांनी चष्म्यासकट कोन मोजतात. चष्म्यात डोळे सरळ राहत असतील तर ऑपरेशन करायचेच नाही. चष्मा काढला की डोळा पुन्हा आत जाईल, आणि याच गोष्टीला घाबरून बरेच पालक चष्मा सोडून ऑपरेशनच्या मागे लागतात. तसे केल्यास पुढे डोळा बाहेर जाण्याची पाळी येते. चष्मा लावूनही जेवढा कोन उरतो, तेवढ्यावरच ऑपरेशन.

दुसरा मुद्दा नजरेचा. वळणाऱ्या डोळ्याकडून येणारे चित्र मेंदू बाजूला टाकतो आणि त्या डोळ्याची नजर मंद होत जाते. त्यासाठी चांगला डोळा झाकतात. मध्यम मंद असेल तर दिवसाला दोन तास, फार मंद असेल तर सहा तासांपर्यंत. पट्टी कातडीला चिकटवून त्यावर चष्मा घालायचा, नुसते कापड चष्म्यात अडकवले तर मूल कडेने बघते. मे महिन्याच्या घामात पट्टी सुटते आणि पुरळ येते. तेव्हा ती सकाळच्या गार वेळी लावा आणि त्या वेळात चित्र रंगवणे, मणी ओवणे असे जवळचे काम द्या. सात-आठ वर्षांपर्यंत याचा फायदा सर्वांत जास्त. ऑपरेशनने ही मंद नजर सुधारत नाही, म्हणून पट्टी आधी आणि ऑपरेशननंतरही.

फोटोत किंवा दिव्याच्या उजेडात बाहुली पांढरी चमकत असेल तर चष्म्याचा विचार नंतर. डोळ्यातल्या गाठीचे पहिले लक्षण कधी कधी तिरळेपणाच असतो. त्याच आठवड्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी झाली पाहिजे.

प्रश्न : तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढून पुन्हा बसवतात असे ऐकले. खरे काय? नेमके काय करतात? (चिखली तालुका, बुलढाणा)

उत्तर : डोळा जागचा हलत नाही. डोळ्याच्या आत, नजरेच्या भागातही कोणी जात नाही. सगळे काम बाहेरच्या पांढऱ्या भागावर होते.

बंडीच्या बैलाला वळवायचे तर एक कासरा सैल सोडतो आणि दुसरा आखडतो, इथेही तेच. पापण्यांमध्ये तारेचा चिमटा बसवून डोळा उघडा ठेवतात. पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा थोडा कापून बोथट हुकाने स्नायू उचलतात. स्नायू डोळ्याला चिकटतो त्या जागेजवळ दोन्ही कडांना विरघळणारा टाका गुंतवून बांधतात, अंगठ्याच्या नखात अडकेल न अडकेल इतका बारीक धागा. मग स्नायू डोळ्यापासून कापून सोडवतात, कंपासने अंतर मोजतात आणि ठरलेल्या जागी मागे शिवतात. हा झाला सैल केलेला स्नायू. घट्ट करायचा असेल तर मोजून तुकडा कापून उरलेला स्नायू मूळ जागी शिवतात.

आतला स्नायू बुबुळाच्या कडेपासून साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो, बाहेरचा सुमारे सातवर. डोळे आत वळण्याचा कोन ३० प्रिझम असेल तर दोन्ही डोळ्यांचे आतले स्नायू प्रत्येकी साडेचार मिलिमीटर मागे नेतात, ५० असेल तर सहा. अर्ध्या मिलिमीटरने निकाल बदलतो, आणि ऑपरेशनआधी दोन-तीनदा, लांबचे-जवळचे, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय कोन का मोजतात ते यावरून कळेल. दोन्ही डोळ्यांवर काम केले म्हणून घाबरू नका. तिरळेपणा दोन डोळ्यांच्या जोडीचा असतो, ‘चांगला’ दिसणारा डोळाही त्यात सहभागी असतो.

जोखीम सांगतो. स्नायूमागचा डोळ्याचा पांढरा कोट जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड असतो. सुई खोल गेली तर आरपार जाते आणि आतल्या, नजरेच्या पडद्याला इजा होऊ शकते. हे क्वचित घडते. स्नायू ओढला की हृदयाची गती कमी होते. भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे पाहत असतात, ओढ सोडली की गती परत येते, लागल्यास इंजेक्शन देतात. नजर जाईल असा संसर्ग दुर्मीळ आहे. सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे कोन थोडा उरणे किंवा जास्त सुधारणे. साधारण पाचातल्या एकाला दुसरे ऑपरेशन लागते. याला फसवणूक समजू नका, पण ऑपरेशनपूर्वी हा आकडा कोणी सांगितला नसेल तर विचारून घ्या.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. स्नायूंमधूनच डोळ्याच्या पुढच्या भागाला रक्त जाते, त्यामुळे एकाच डोळ्याचे जास्त स्नायू एकदम कापता येत नाहीत आणि सिकलसेलच्या रुग्णात हा धोका वाढतो. भूल देतानाही शरीरात पाणी कमी पडू देणे चालत नाही. चाचणी झाली नसेल तर आधी करा, कार्ड असेल तर भूलतज्ज्ञांना दाखवा. घरात कोणाला भूल सोसली नव्हती, हेही सांगा.

मुलांना पूर्ण भूल लागते. सहा तास आधी जेवण आणि वरचे दूध बंद, आईचे दूध चार तास आधी, साधे पाणी दोन तास आधी. ‘लेकरू उपाशी आहे’ म्हणून आजीने गुपचूप बिस्किट दिले की ऑपरेशन पुढे ढकलावे लागते, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते.

प्रश्न : वय २४, लहानपणापासून एक डोळा बाहेर जातो आणि त्या डोळ्याने कमी दिसते. आता ऑपरेशनचे वय गेले म्हणतात. पोलीस भरतीची तयारी करतो आहे. (साकोली तालुका, भंडारा)

उत्तर : वय गेलेले नाही, डोळे सरळ करण्याचे ऑपरेशन साठीतही होते. गेलेली नजर मात्र त्याने येणार नाही. भरतीत नजर वेगळी मोजतात, त्यामुळे त्यासाठी ऑपरेशन करत असाल तर करू नका. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलता यावे, लग्नाच्या बैठकीत मान खाली घालावी लागू नये, हे कारण पुरेसे आहे. त्याला कोणी ‘नुसती हौस’ म्हणत असेल तर सोडून द्या.

एक तपासणी मागून घ्या. डोळ्यापुढे प्रिझम धरून डोळे सरळ असल्यासारखी स्थिती तयार करतात आणि दोन दिसतात का विचारतात. आतापर्यंत मेंदू त्या डोळ्याचे चित्र टाळत होता. डोळा नव्या जागी आला की काहींना काही दिवस दोन दिसतात, क्वचित कायमचे. प्रिझममध्ये दोन दिसले तर डॉक्टर कोन किती सुधारायचा ते बदलतात. मोठ्या माणसात ‘बदलता येणारा टाका’ घालण्याचीही सोय आहे. स्नायू सरकत्या गाठीवर ठेवतात, तुम्ही जागे झाल्यावर, सहसा २४ तासांच्या आत, थेंबांची भूल देऊन गाठ पुढे-मागे करतात. सगळीकडे होत नाही, विचारा. कमी दिसणारा डोळा काही वर्षांनी पुन्हा बाहेर सरकू शकतो, हे गृहीत धरा.

प्रश्न : भाऊ दुचाकीवरून पडला. डोक्याला मार होता, आता बरा आहे, पण जिना उतरताना आणि वाचताना वर-खाली दोन दिसतात. मान एका खांद्याकडे कलती ठेवतो. (हिंगणघाट तालुका, वर्धा)

उत्तर : ही चौथ्या नसेची खूण आहे. डोक्याच्या मारात ही बारीक, लांब नस सहज दुखावते. ज्या डोळ्याची नस गेली त्याच्या विरुद्ध खांद्याकडे मान कलते, कारण तसे केल्यावर दोन चित्रे एकत्र येतात. लग्नातले, शाळेतले जुने फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. मान तेव्हाही कलती असेल तर दोष जन्माचा होता, अपघाताने फक्त उघड झाला. मानेला पट्टा बांधू नका, मालिशही नको.

मारामुळे असेल तर इथेही सहा महिने आणि स्थिर मोजमाप. मग बहुधा त्याच डोळ्याच्या खालच्या तिरप्या स्नायूला सैल करतात. चित्रे नुसती वर-खाली नसून तिरकीही दिसतात का, हे भावाने नीट पाहून सांगावे, कारण दोन्ही बाजूंच्या चौथ्या नसा दुखावल्या असतील तर ऑपरेशनच वेगळे असते.

डोळ्यावरच सरळ मार बसला असेल, चेंडू, विटी किंवा बैलाचे शिंग, तर प्रकरण निराळे. खोबणीचा तळ मोडून स्नायू फटीत अडकतो. मुलांमध्ये डोळा बाहेरून पांढरा, साधा दिसतो, पण वर फिरत नाही, वर पाहिले की दुखते, उलट्या होतात, नाडी मंदावते. उलट्यांमुळे ‘डोक्याचा मार’ समजून नुसते निरीक्षणाखाली ठेवले जाते आणि स्नायू मरतो. सीटी स्कॅन आणि एक-दोन दिवसांत ऑपरेशन, इथे वाट पाहणे चूक.

प्रश्न : शेजारचा मुलगा जमिनीवर झोपला होता. पहाटे पोट दुखले, सकाळी पापण्या उघडेनात, दोन-दोन दिसू लागले. चावल्याची खूण नव्हती. हा काय प्रकार? (कुरखेडा तालुका, गडचिरोली)

उत्तर : मण्यार. दाताची खूण आणि सूज बहुधा नसते, आणि विषाचा परिणाम सर्वांत आधी पापण्यांवर आणि डोळ्यांच्या स्नायूंवर दिसतो. पुढे गिळणे आणि श्वास बंद पडतो. पावसाळ्यात असे कोणी उठले तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच, १०८ ला फोन करून सर्पविषावरचे इंजेक्शन आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात. जीव वाचल्यावर डोळे आपोआप पूर्ववत होतात, त्यांना ऑपरेशन लागत नाही.

प्रश्न : सकाळी ठीक असते, संध्याकाळी पापणी जड होते आणि दोन दिसतात. ऑपरेशन करावे का? (मूर्तिजापूर तालुका, अकोला)

उत्तर : नाही. सकाळ-संध्याकाळ बदलणारा कोन म्हणजे मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, असण्याची शंका, त्यावर गोळ्या आहेत. बंद पापणीवर दोन मिनिटे कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवून पापणी वर येते का, ही साधी चाचणी डॉक्टरांसमोर करून घ्या. गिळताना ठसका लागत असेल, दम लागत असेल तर उद्यावर टाकू नका.

प्रश्न : मुलाचे ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले. डोळा अजून लाल आहे. खर्च योजनेत बसला, पण पुढच्या तपासणीला इतक्या लांब जावेच लागेल का? (अहेरी तालुका, गडचिरोली)

उत्तर : लाली दोन-तीन आठवडे, काहींना दीड महिनाही राहते. पहिल्या दोन दिवसांत गुलाबी अश्रू, डोळा फिरवताना दुखणे, थोडे दोन दिसणे हेही नेहमीचे. टाके काढावे लागत नाहीत, विरघळतात. दोन आठवडे डोक्यावरून पाणी, नदी-तळ्यात पोहणे, माती-भुशात खेळणे नको. मोठ्या माणसाने महिनाभर फवारणीला जाऊ नये.

दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, पापणी सुजली, पू आला, नजर कमी झाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा. तसेच डोळा अचानक उलट बाजूला जाऊन परत आत येत नसेल तर शिवलेला स्नायू सुटला असू शकतो. आतला स्नायू सुटला तर खोबणीत खोल मागे जातो आणि जितके दिवस जातील तितका शोधणे अवघड.

पुढची तपासणी टाळू नका. कोनाचा खरा निकाल सहा-आठ आठवड्यांनी कळतो आणि पट्टी चालू ठेवायची का हेही तेव्हाच ठरते. दरम्यानचे चष्म्याचे आणि पट्टीचे काम जिल्हा रुग्णालयातल्या नेत्र विभागात होऊ शकते, ऑपरेशनचा कागद आणि मोजमापे सोबत न्या. इतर वाचकांसाठी : अंगणवाडी-शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तिरळे मूल पुढे पाठवू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसते का, ते ज्या रुग्णालयात करायचे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशन कार्ड आणि आधार मूळ प्रतीत न्या, मुलाच्या नावाचे स्पेलिंग दोन्हींवर सारखे आहे का ते घरूनच पाहून निघा.